अंधारातलं औषध

खिडकीला भावजींनी आधी काळा प्लास्टिकचा कागद लावला, त्यावर माझी जुनी सतरंजी आणि सगळ्यावर पोतं. तोंडात चार खिळे धरलेले, त्यामुळं बोलता येईना. नुसतं हूं हूं करून मला सांगत होते, इथं धर, तिथं ताण. मी स्टुलावर उभी, हात भरून आलेले. म्हणलं, "भावजी, माणूस ठेवायचंय का आंबे पिकत घालायचेत?"

त्यांनी खिळे हातात घेतले. "वैनी, चेष्टा नको. एक किरण आत येता कामा न्हाई."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, दिगंबर. आणि हा सगळा खटाटोप चालला होता त्यांच्या बायकोसाठी, अपेक्षासाठी. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. अंगावर शाल, डोक्यावरून ओढणी, हातात मोजे, डोळ्यांवर हॉस्पिटलातनं दिलेला काळा चष्मा. लोहडी, म्हणजे इकडची संक्रांत, होऊन चार दिवस झाले होते. चंदीगडाजवळच्या आमच्या खरडमधे धुकं असं पडलेलं की समोरचं हलवायाचं दुकान दिसत नव्हतं, तरी तिला ऑटोतनं उतरवून जिन्यानं वर आणेपर्यंत भावजींनी तिच्या तोंडावर छत्री धरली होती. बाजारातले लोक थांबून बघत होते. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही आटपाडीकडचे गलाईवाले. आमच्या भागातलं माणूस नाही असा सराफबाजार सापडायचा नाही. सराफ मोडीचं सोनं देतो, आम्ही मुशीत आटवून त्याची लगड करून देतो. चांदी तेजाबात, म्हणजे ॲसिडात, विरघळवून शुद्ध करतो. खाली दुकान, दुकानात भट्टी, वर दोन खोल्या आणि गच्ची. चौदा वर्षं झाली. माझे मालक विनायक सकाळी चंदीगडातल्या सराफांकडं फिरून माल गोळा करतात, भावजी भट्टी सांभाळतात, आणि आम्ही दोघी जावा माती धुतो. माती म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर. परातीत पाणी घालून हलवायचं, हलवायचं, शेवटी तळाला चमकेल ते आपलं. थंडीत बोटं लाकडं होतात. आता ती सगळी माती माझ्या एकटीच्या अंगावर पडली होती आणि खोटं कशाला बोलू, मी मनात कुरकुरत होते.

अपेक्षाच्या लग्नाला सहा वर्षं झाली. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. तिसऱ्यांदा राहावं म्हणून तपासायला गेली आणि गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर निघाला. अगदी सुरुवातीचा. अठ्ठावीस वर्षांची पोर! थोडा भाग कापून काढला, पण कडा साफ आल्या नाहीत. अजून कापायला जागा नाही, आता पिशवी काढा, असं पहिल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. त्या दिवशी ती परातीपाशी येऊन बसली आणि मातीच हलवत राहिली. पाणी कधीच सांडून गेलेलं, कोरडीच माती हलवत होती.

मग डॉक्टर ऋजुता भेटल्या. साताऱ्याच्या. चंदीगडातल्या हॉस्पिटलात नव्या उपचारावर त्यांचा अभ्यास चालला होता. मराठी ऐकलं आणि अपेक्षाला रडूच फुटलं. त्यांनी कागदावर पेनानं पिशवी काढून दाखवली. शिरेतनं एक औषध द्यायचं. ते सगळ्या अंगात पसरतं, पण कॅन्सरच्या पेशींत जास्त साठतं. दोन दिवस थांबायचं आणि मग आत बारीक तार घालून त्या जागेवर लाल प्रकाश पाडायचा. प्रकाश पडला की ते औषध जागं होतं आणि पेशींना मारतं. पिशवी शाबूत राहू शकते.

"राहू शकते म्हणजे राहतेच का?" मी विचारलं.

"मी शब्द देत नाही. अभ्यास आहे हा. पण एकदा पुरलं नाही तर दुसऱ्यांदाही करता येतं."

दुसऱ्यांदा करता येतं, हे मी नीट ऐकलं होतं. आम्ही तिघांनीही ऐकलं होतं.

प्रकाश देऊन झाल्यावर घरी सोडताना बाईंनी आम्हाला समोर बसवलं. औषध अजून कातडीत आहे, चार ते सहा आठवडे राहील. ऊन लागलं तर भाजेल. दिवसा बाहेर काढायचं नाही. "पण एक लक्षात ठेवा, पूर्ण अंधार करायचा नाही. घरातला साधा उजेड हवाच. पुस्तक वाचता येईल इतका. त्या मंद उजेडातच कातडीतलं औषध हळूहळू मरतं." आणि त्यांनी एक कागद दिला, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला हिंदी. हिंदी मला वाचता येतं. मी घरी येऊन तो कागद दोनदा वाचला. दोनदा!

खिडकी ठोकून झाल्यावर मी भावजींना म्हणलं, "बाईंनी तर थोडा उजेड ठेवा म्हणून सांगितलंय."

ते स्टुलावरनं उतरले आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले. चांदीचं काम करणाऱ्याची बोटं काळी असतात, कितीही घासली तरी जात नाहीत. "वैनी, चांदी तेजाबात विरघळली की त्ये पानी कसं ठेवतो आपण?"

"काळ्या बाटलीत."

"कशापायी?"

"उजेडात काळं पडतं. वाया जातं."

"झालं तर मग! ह्ये औषध बी त्याच जातीचं हाय. बाई सवता म्हनल्या, उजेडात मरतं. मग मारायचं कशाला? अंगात हाय तवर काम करंल. ऊन भाजतं म्हनून त्या घाई करत्यात, त्यास्नी निस्ती हिची कातडी वाचवायची. आपल्याला पिशवी वाचवायची हाय."

मला ते पटलं. आज हसायचं तर हसा, पण चौदा वर्षं मीच त्या बाटल्यांना काळं फडकं गुंडाळत आले होते. आटपाडीहून आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा फोन आला, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बराबर हाय दिगूचं. लोणचं बी मुरू द्यावं लागतंय. जितकं मुरंल तितकं गुणाचं. सुनेत्रा, तू राखण कर. पोरगी अधीर हाय, दार उघडंल." झालं, मी राखणदार झाले.

खोलीतला दिवा काढला. हीटरची कांडी लाल होते म्हणून हीटरही काढला. त्या गारठ्यात दोन रजया अंगावर घेऊन अपेक्षा पडून राहायची. जेवणाचं ताट मी दार किलकिलं करून, अंगाचा आडोसा करून आत सरकवायचे. पहिल्या दिवशी तिचा हात वरणात पडला आणि ती हसली. "आक्का, आंधळ्या कोशिंबिरीत माझ्यावर राज्य आलंय." चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत अशी चेष्टा करत होती. नंतर बंद झाली.

खालनं भट्टीच्या ब्लोअरचा आवाज आला की दिवस उजाडला, गुरुद्वाऱ्यातला संध्याकाळचा पाठ ऐकू आला की मावळला, असं तिचं घड्याळ. तेजाबाची वाफ जिन्यानं वर चढायची. बाहेरच्या खोलीत मी खिडकी उघडून घालवायचे, तिच्या खोलीत ती कोंडून राहायची. ती खोकायची. खोकलं की अंगावरनं पाणी जायचं. प्रकाशानं भाजलेली जागा आतनं सुटत होती, तसं होणारच म्हणून बाईंनी सांगितलं होतं. पण रक्त गेलं तर लगेच कळवा म्हणाल्या होत्या.

"आक्का," ती आतनं हाक मारायची, "ओलं झालंय. रक्त हाय का पानी हाय, मला दिसत न्हाई. बघा की."

मी आत हात घालायचे, ती माझ्या हातात फडकं द्यायची. बाहेर उजेडात नेऊन मी उलगडून बघायचे. पिवळट पाणी. "काही नाही, पाणीच आहे," मी दाराशी येऊन सांगायचे. तिच्या स्वतःच्या अंगातनं काय जातंय ते तिला माझ्याकडनं कळायचं. दिवसातनं चार वेळा. एकदा मी माती धूत होते, हात भरलेले, आणि तिनं तीन हाका मारल्या. मी ओरडले, "अगं, जरा दम धर की! मला काय दहा हात आहेत?" तासाभरानं गेले तर ते ओलं फडकं हातात धरून ती तशीच बसली होती. मला माझीच लाज वाटली.

बाराव्या दिवशी तिनं पहिल्यांदा मागितलं. "आक्का, दाराला बोटभर फट ठेवा. बाईंनी सांगितलं हुतं की उजेड पायजे म्हनून."

"अपेक्षा, थोडे दिवस काढ."

"मला माझं हात दिसत न्हाईत. परवा वाटलं, मी हाय का न्हाई."

"पोर पाहिजे का नको तुला?"

असं बोलले मी. ह्याच तोंडानं. ती म्हणाली, "पायजे," आणि मी दार लावून घेतलं. त्यानंतर रोज तिनं मागितलं, कधी बोटभर फट, कधी नुसती देवाजवळची समई, आणि रोज मी तेच एक वाक्य तिच्या तोंडावर मारलं. त्या वाक्यापुढं तिचं काही चालायचं नाही. माझी थोरली पोरगी कादंबरी शाळेतनं आली की म्हणायची, "मम्मी, चाची को बाहर लाओ ना, ये तो जेल है." मी तिला गप्प बसवायचे.

आणि भावजी? त्यांना वाईट म्हणवत नाही, हीच तर पंचाईत आहे. दिवसभर भट्टीपुढं तोंड भाजून घ्यायचे आणि दुपारचं जेवण त्या काळोखात बायकोबरोबर बसून करायचे. बाहेर मला दोघांचं बोलणं ऐकू यायचं. एकदा ती विचारत होती, "अवं, आत खरंच काम चाललं असंल?"

"चाललं असंल म्हंजे? चालूच हाय. तुला काय वाटतंय आत?"

"थोडं दुखतंय."

"मग! दुखतंय म्हंजे मरतंय त्ये." त्यांचा आवाज इतका आनंदी की मलाही वाटलं, असेल बाबा, मरत असेल.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर ऋजुतांचा फोन आला. भावजींनी तो स्पीकरवर लावला.

"खोलीत उजेड ठेवताय ना?"

"व्हय मॅडम."

"वाचता येईल इतका?"

"व्हय, व्हय. पुस्तक वाचती ती."

"तीस दिवस झाले की हाताची चाचणी करा. कागदी पिशवीला भोक पाडायचं, हात पिशवीत घालून भोकातनं दहा मिनिटं ऊन घ्यायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत लाल झालं तर अजून औषध आहे. मग आणखी दोन आठवडे ऊन नाही आणि पुन्हा चाचणी."

"करतो मॅडम."

तीस दिवस झाल्यावर पुन्हा फोन आला. "चाचणी केली?" "केली मॅडम, काय बी झालं न्हाई." मी समोर गव्हाचं पीठ मळत उभी होते. फोन ठेवल्यावर म्हणलं, "भावजी, खोटं कशाला?" तर म्हणाले, "दहा मिनिटं ऊन म्हंजे दहा मिनिटांचं औषध गेलं. सहा आठवडं पुरं करायचं. एक दिवस कमी न्हाई." मी पीठ मळत राहिले. माझ्या मालकांनी तेवढं एकदा म्हणलं, डॉक्टरचं ऐकावं. पण ते सकाळी बाहेर पडायचे ते संध्याकाळी यायचे, आणि आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोच्या खोलीत थोरल्यानं लक्ष घालायची रीत नाही.

बेचाळीस दिवस झाले. फेब्रुवारी सरत आला होता. धुकं कुठल्या कुठं गेलं होतं आणि लख्ख ऊन पडलेलं, थंडीनंतरचं, अंगावर घ्यावंसं. त्रेचाळीसाव्या दिवशी सकाळी भावजींनी दार सताड उघडलं. अपेक्षा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. अंगातलं मांस उतरलेलं, रंग मेणासारखा, केसांच्या जटा झालेल्या. दोन्ही हातांनी डोळे झाकून हसत होती आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं.

"आक्का, गच्चीवर न्या मला."

आता मला कुणी सांगा, मी नाही म्हणायला पाहिजे होतं ना? महिनाभर रोज नाही म्हणले, आणि ज्या दिवशी म्हणायला पाहिजे त्या दिवशी हो म्हणले. मला तिचं कौतुक करायचं होतं. माझ्या मनाला लागून राहिलं होतं ते फेडायचं होतं. गच्चीवर चटई टाकली, खोबरेल तेल कोमट केलं, तिला पुढ्यात घेऊन बसले. शेजारच्या गच्चीवर सरदारणी मटार सोलत बसलेली, ती म्हणाली, "आ गई बेटी? चंगा होया." मी एकेक जट सोडवत होते. तेल तिच्या केसांना लावलं, तोंडाला लावलं, हाताला कोपरापर्यंत चोळलं. ती तोंड वर करून, डोळे मिटून बसली होती.

"आक्का, पोरगी झाली तर काय नाव ठेवायचं?"

"आधी होऊ तर दे."

"अपूर्वा ठेवू. मला आवडतं."

दीड तास बसलो आम्ही. मीच म्हणलं, अजून थोडं बस, रंग येईल तुझ्या तोंडाला.

दुपारी तिला मुंग्या चावल्यासारखं होऊ लागलं. चारपर्यंत तोंड लाल झालं. संध्याकाळी पापण्या अशा सुजल्या की डोळे उघडेनात. हातांवर फोड, मोठे, पाण्यानं भरलेले, कोपरापर्यंत, जिथवर मी तेल चोळलं होतं तिथवर. "आक्का, जळतंय," एवढंच ती म्हणत होती. भावजी वर आले, तिला बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसले. भट्टीत हात घालणारा माणूस, त्याला भाजणं काय असतं ते सांगावं लागत नाही.

डॉक्टर ऋजुतांनी तिला दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला केबिनमधे बोलावलं. अपेक्षाच्या दोन्ही हातांना पट्ट्या, तोंडाला मलम. बाई चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे सहा आठवड्यांनी व्हायला नको होतं. खोलीत उजेड होता?"

भावजींनी माझ्याकडं बघितलं.

"अपेक्षा, मी तुला विचारते आहे. उजेड होता?"

"नव्हता."

"अजिबात? का?"

भावजी खाली बघत होते. मग अडखळत तेच म्हणाले, उजेडात औषध मरतं म्हणून, अंधारात राहिलं तर आत काम करत राहील असं वाटलं म्हणून, आणि चाचणीही त्यापायीच केली नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अंधारात ते काहीच करत नाही हो. नुसतं पडून राहतं. प्रकाश पडला तरच काम करतं. टेबलावर आम्ही प्रकाश टाकला, त्या तेवढ्या मिनिटांत जे व्हायचं ते झालं. त्यानंतरच्या अंधारानं आजार वाढला नाही, आणि कमीही झाला नाही. फक्त कातडीतलं औषध तसंच राहिलं."

बेचाळीस दिवस. वरणात पडलेला हात, ओलं फडकं हातात धरून बसणं, हीटरवाचून काढलेली थंडी, सगळं फुकट. अपेक्षानं भावजींकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली.

"मला लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. "हे कुणी ठरवलं? मी तर तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. कागद दिला होता."

आता बोलायची पाळी माझी होती. मी तोंडाळ बाई. सराफांशी भांडते, भाजीवाल्याशी भांडते, आत्याबाईंनाही दोन शब्द सुनवायला कमी करत नाही. कागद मी वाचला होता. ती रोज उजेड मागत होती आणि मी दार लावत होते. एवढंच सांगायचं होतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. भावजी कपाळावरचा घाम पुसत राहिले.

"मीच," अपेक्षा म्हणाली. "मीच म्हनलं ह्यांना, अंधार करा. मला पोराची घाई हुती."

बाईंनी तिच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं, आणि लिहिलं. लिहिलेलं मराठीत वाचूनही दाखवलं. रुग्णानं सूचना पाळल्या नाहीत. चाचणी केल्याची खोटी माहिती दिली. मी ऐकून घेतलं.

हात भरून यायला महिना लागला. कातडी सापाच्या कातीसारखी निघाली आणि खाली गुलाबी, नाजूक, डाग पडलेली नवीन आली. पोतं, सतरंजी, कागद भावजींनी स्वतःच काढून टाकले होते. एप्रिलच्या मध्यात, तीन महिने झाल्यावर, बाईंनी तपासायला तुकडा काढला. आठ दिवसांनी उत्तर आलं. आम्ही तिघं पुन्हा त्याच केबिनमधे.

"बराचसा गेला आहे," त्या म्हणाल्या, "पण एका बाजूला उरला आहे. आणि तिथं थोडा खोल गेला आहे."

"मग दुसऱ्यांदा करू या की मॅडम," भावजी पटकन बोलले. "तुमी म्हनाला हुता, दुसऱ्यांदा करता येतं."

"येतं. हिला नाही देता येणार. औषधानं एकदा इतकं भाजलं की आमच्या नियमात दुसऱ्यांदा ते औषध बसत नाही. अभ्यासाच्या कमिटीला मी विचारलं. दोनदा विचारलं. सूचना पाळल्या नाहीत, ह्याच नोंदीवर ते बोट ठेवतात."

"या बारीला दिवसरात्र लाईट लावतो मॅडम. खिडकी उघडी ठेवतो. बघायला माणूस पाठवा तुमचा." त्यांनी हात जोडले. "मी खोलीत सवता बसतो. भट्टी बंद ठेवतो. एकदा, फक्त एकदा."

"दिगंबर, थांबायलाही वेळ नाही. अजून सहा महिने गेले तर मी पिशवीबद्दल नाही, हिच्या जिवाबद्दल बोलत असेन. ऑपरेशन करून घ्या. आत्ता केलं तर ती वाचेल, असं मला वाटतं."

भावजींनी टेबलाच्या कडेवर कपाळ टेकलं आणि रडायला लागले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. दाराबाहेरचे लोक डोकावून बघू लागले. बाई उठून दार लावायला गेल्या. मी भावजींच्या पाठीवर हात ठेवला.

अपेक्षानं ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म स्वतःकडं ओढला. नव्या कातडीच्या बोटांत पेन नीट धरवत नव्हतं. "कुठं करायची सही?" तिनं विचारलं. बाईंनी जागा दाखवली. तिनं हळूहळू पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. खाली नातेवाइकाची सही लागत होती. भावजी उठण्याच्या स्थितीत नव्हते. मी केली.

पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं. सकाळी सातला आम्हाला थिएटरबाहेरच्या बाकावर बसवलं. भावजी खाली औषधं आणायला गेले होते. अपेक्षाला हिरवा झगा घातलेला, अंगावरचं सगळं काढून माझ्या ओच्यात दिलेलं. ती पाय हलवत बसली होती. अंगणात खेळायला निघालेल्या पोरीचे पाय हलावेत तसे. मला राहवेना. दोन महिने छातीवर धोंडा घेऊन फिरत होते मी.

"अपेक्षा, एक विचारू? त्या दिवशी तू 'मीच' का म्हणालीस गं? तू तर रोज उजेड मागत होतीस. आमच्या दोघांचं नाव घेतलं असतंस तर बाईंनी दुसरं लिहिलं असतं. कदाचित कमिटीनं ऐकलं असतं. मी नाही बोलले, मी मेले, मी घाबरले. पण तू का नाही बोललीस?"

तिनं पाय हलवायचे थांबवले.

"आक्का, मला बरं होऊन त्याच घरात यायचंय," ती म्हणाली. "पिशवी न्हाई, पोर न्हाई. आत्याबाई काय बोलतील ते तुमाला ठावं हाय, मला बी ठावं हाय. त्यात ह्यांना आन् तुमाला गुन्हेगार करून मी आले, तर मला ताट कोन वाढंल?"

आतनं नर्स बाहेर आली, तिनं यादी बघून नाव पुकारलं, आणि अपेक्षा उठून तिच्या मागं गेली.